आमच्या घरचं एक मत

रविवार, १२ जून २०१६

आजपासून लिहून काढणार. डॉक्टर म्हणाले, मनात साठवू नका, प्रेशर वाढतं. बोलून दाखवावं तर ऐकणार कोण? मी बोलायला लागलो की शोभना मिक्सर लावते. हमीद गाडीत रेडिओ मोठा करतो. ऑफिसात रमझानचं टायमिंग, सगळ्यांना घरी पळायची घाई. म्हणून वही. वही मध्येच उठून जात नाही.

विषय सध्या एकच : ब्रिटन. तेवीस तारखेला तिथे मतदान आहे, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं. माझा अभ्यास पूर्ण झालाय. बाहेर पडायचं. आत्ता पोलंड-रोमानियाची माणसं विमानात बसतात, उतरतात आणि नोकरीला लागतात. व्हिसा नाही, स्टॅम्प नाही. मी शारजात एकवीस वर्षं काढली, अजून व्हिसा रिन्यू करायचा म्हटलं की मेडिकलला जाऊन रक्त देतो, आणि तो नुसता चालत येतो! त्याला बंद केला की जागा रिकाम्या. मग त्यांना माणसं लागणार. इंग्रजी कुणाला येतं? आपल्याला. मुग्धाचा वर्क व्हिसा घरपोच येईल.

मुग्धा, आमची मुलगी, नॉटिंगहॅमला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय. हमीदची मुलगी दुआही तिथेच, दोघी एकाच फ्लॅटवर राहतात. इथेही एकाच बिल्डिंगमध्ये वाढल्या. आम्ही सातव्या मजल्यावर, हमीद चौथ्यावर.

आणि आता मुख्य बातमी. या मतदानात मुग्धाला मत आहे! पासपोर्ट आपलाच, पण भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे राहणाऱ्या आपल्या माणसाला मत देता येतं. मी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मला या जगात कुठेही मत नाही. इथे प्रश्नच येत नाही, आणि इथल्याबद्दल बोलायचंही नसतं. डोंबिवलीच्या यादीतून माझं नाव उडालं, माझ्या क्रमांकावर आता कुणी चारुलता नावाची बाई आहे. म्हणजे आमच्या अख्ख्या घराला मिळून एक मत, आणि ते नॉटिंगहॅममध्ये.

ते वाया जाऊ देणार नाही. जबाबदारी घेतली आहे.

मंगळवार, १४ जून

मुग्धाला फोन. सगळं समजावून सांगितलं : कोळसा, मासेमारी, कायदे, पोलंड. ती म्हणाली, "बाबा, आय हॅव अ डिसर्टेशन." मी म्हटलं, डिसर्टेशन दरवर्षी असतं, हे एकदाच. शेवटी म्हणाली, "ओके ओके, बाबा." दोनदा ओके. म्हणजे पटलं.

सकाळी गाडीत हमीदला विचारलं, तू दुआला काय सांगितलंस? म्हणाला, "काहीच नाही, चारूभाऊ. तिचं ती बघेल." संताप आला. बाप म्हणून काही कर्तव्य? मुलीला परदेशी पाठवायचं आणि मतदानासारख्या गोष्टीत वाऱ्यावर सोडायचं? तो म्हणाला, रोजा आहे, भांडायला नको. मी कुठे भांडत होतो.

(गाडीचं सांगून ठेवतो. आमच्या दोघांच्या कंपन्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात शेजारी शेजारी. आमची एसीचे डक्ट बनवते, त्याची पेंट. रोज एकत्र जातो. गाडी हमीदची आहे आणि चालवतो तो, पण लेन कधी बदलायची ते मी सांगतो. माझं लायसन्स व्हायचं आहे. परीक्षकांचा पूर्वग्रह.)

बुधवार, १५ जून

रमझानमध्ये ऑफिसात खायचं ते पॅन्ट्रीत, दाराच्या काचेला कागद चिकटवून. रोजा नसलेले सगळे त्या एवढ्याशा खोलीत. तिथे आज ग्रॅहमसाहेब आणि अकाउंट्सची फिओना यांची जुंपली. साहेब बाहेर पडण्याच्या बाजूने, फिओना राहण्याच्या. आवाज चढला. फिओना म्हणाली, साहेब स्वतः परक्या देशात बसून परक्यांना शिव्या देतात. साहेब म्हणाले, आम्ही इमिग्रंट नाही, आम्ही एक्सपॅट.

मी पुढे होऊन साहेबांच्या बाजूने मासेमारीचा मुद्दा मांडला. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मुद्दा लागला असणार, कारण त्यानंतर दोघं सँडविच घेऊन निघून गेले.

रविवार, १९ जून

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेख टाकला. ‘ब्रिटनने का बाहेर पडावं : एका तटस्थ माणसाचं विवेचन’. तीन तास बसून टाइप केला. ग्रुपवर अख्खी मराठी मंडळी, दुबई-शारजात मॅनेजर, बँकर, इंजिनियर असलेली. आलेली प्रतिक्रिया एक. नवव्या मजल्यावरचा सुजीत, ॲडमिन : "काका, उद्या पार्किंग धुणार आहेत, सकाळी आठच्या आत गाड्या काढायला सांगा."

माझ्याकडे गाडी नाही हे त्याला माहीत आहे.

ही आपली माणसं. घरच्या राजकारणावर बोललं तर मारामाऱ्या, इथल्यावर बोलायची सोय नाही. चांगला तिसरा देश मिळाला होता, मोकळेपणाने मत मांडता येईल असा. तर पार्किंग.

गुरुवार, २३ जून, संध्याकाळ

मुग्धाला आठवणीसाठी फोन. उचलला नाही. परत. परत. शेवटी मेसेज आला : "व्होटेड. हॅपी?" पुढे हसरा चेहरा.

हॅपी! असा एकवीस वर्षांत झालो नव्हतो. ताबडतोब ग्रुपवर टाकलं : "आमच्या घरातील एक मत आज दिलं गेलं. बाहेर पडण्याच्या बाजूने. वडिलांनी समजावलं, मुलीने ऐकलं." शोभना म्हणाली, कुणाला दिलं ते तिने कुठे लिहिलंय? मी म्हटलं, दोनदा ओके म्हणाली होती.

शोभनाने मिक्सर लावला. भांड्यात काहीही नव्हतं.

शुक्रवार, २४ जून, सकाळी ८

बाहेर पडले! जिंकलो! बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस!

शोभनाला उठवून सांगितलं. कूस बदलली. खाली जाऊन हमीदची बेल वाजवली. रमझानचा शुक्रवार, लोक पहाटेची सेहरी करून झोपलेले असतात हे नंतर लक्षात आलं, पण अशा बातमीला वेळकाळ नसतो. शहरबानूभाभींनी दार फटीएवढं उघडलं. फटीतून टक्केवारी सांगितली. म्हणाल्या, "बरं." दार लावून घेतलं.

बरं!!

रविवार, २६ जून

अल नहदाच्या मिठाईवाल्याकडून दोन किलो काजूकतली नेली. साहेबांनी एक घेतली, पाठ थोपटली, म्हणाले, "गुड मॅन, चार्ली." (मला चार्ली म्हणतात. जवळीक.) फिओनाचे डोळे सुजलेले होते. तिच्यापुढे बॉक्स धरला तर ती रडायलाच लागली. मी म्हटलं, लोकशाही आहे, मॅडम, खिलाडूपणे घ्या. तिने बॉक्स बंद करून माझ्या हातात दिला.

दुपारी एचआरची ईमेल, सगळ्या स्टाफला : रमझानमध्ये दिवसा खाद्यपदार्थ घेऊन ऑफिसात फिरू नये. नाव नव्हतं, पण ‘काजू’ हा शब्द होता.

हमीदने गाडीत दोन्ही वेळा रेडिओ लावला नाही. बोललाही नाही. रोजा लागला असावा.

सोमवार, २७ जून

आजचं शांतपणे लिहितो. राग आलाय, पण राग रास्त आहे.

सकाळी गाडीत हमीद म्हणाला, "चारूभाऊ, तुम्हाला एक सांगायचंय. शनिवारी पोरींना त्रास झाला. बसस्टॉपवर. एक माणूस आला, म्हणाला, आम्ही तुम्हाला मत देऊन बाहेर काढलंय, अजून इथे कशा? आणि मग..." 

मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, हमीद, तू भावनेच्या भरात आहेस. हा राग पोलंडवाल्यांवर आहे, आपल्यावर नाही. त्याचा गैरसमज झाला असेल. तो म्हणाला, दुआला पोलिश कोण समजेल? यावर मी तर्काला धरून उत्तर दिलं. म्हटलं, तिने तो स्कार्फ बांधला नसता तर त्याने बघितलंही नसतं. आमच्या मुग्धाकडे बघ, जीन्स, मोकळे केस. तिला कुणी काही म्हणालं का?

हमीदने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला समोरच्या ट्रककडे बोट दाखवावं लागलं.  माझ्या गेटपाशी गाडी थांबवली आणि समोर बघत बोलला, "उद्यापासून तुम्ही तुमचं बघा, चारूभाऊ."

थोडक्यात, मी कारपूलमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आहे.

एवढ्या वर्षांचा संबंध, आणि दुसऱ्या देशाच्या राजकारणावरून माणूस तोडतो! संकुचितपणा. माफी मागायला येईलच. आला की लगेच माफ करायचं नाही, एक-दोन दिवस जाऊ द्यायचे.

मंगळवार, २८ जून

कंपनीच्या लेबर बसने गेलो. माझ्या सीटवर वरून एसीचं पाणी टपकतं. एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीची बस.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये परत नाव घातलं. आता स्वावलंबन. हमीदच्या गाडीची मला गरज नव्हतीच, त्याला सोबत हवी होती म्हणून जात होतो.

गुरुवार, ३० जून

शोभना रोज इफ्तारच्या वेळी चौथ्या मजल्यावर जाते. ताटावर ताट झाकून नेते, तासभर बसते, डोळे लाल करून येते. विचारलं तर "कांदा". मी म्हटलं, भांडण चालू असताना तू शत्रुपक्षात जेवण पोचवतेस? ती म्हणाली, "अहो, तुमचं भांडण ब्रिटनशी आहे का हमीदभाईंशी, ते एकदा ठरवा."

मुग्धाचे फोन बंद. मी केला की कट, मग मेसेज : "बिझी, बाबा." किंवा "लॅबमध्ये." पूर्वी लांबलचक लिहायची, आता दोन शब्द, तेही स्पेलिंग चुकवून. पब्लिक हेल्थला लॅब असते? असेल.

पार्किंग टेस्ट नापास. परीक्षक म्हणाला, तुम्ही शेजारच्या सीटवर बसल्यासारखं चालवता. नुसतं आरशात बघून सल्ले देता, गाडी हलतच नाही.

शनिवार, २ जुलै

ग्रुप सोडला. रागाने, सगळ्यांदेखत. ‘चारुदत्त लेफ्ट’ अशी ओळ त्यांना दिसली असणार. आता समजावणीचे फोन येतील, उचलायचे नाहीत.

संध्याकाळ : कुणाचा फोन नाही.

लिफ्टमध्ये सुजीत भेटला. म्हणाला, काका, ईदच्या सुट्टीत गच्चीवरच्या टाक्या धुणार आहेत, ग्रुपवर टाकलंय, बघितलं ना? मी म्हटलं, बघितलं.

सोमवार, ४ जुलै

आज जे पाहिलं त्यावर विश्वास बसत नाही. ग्रॅहमसाहेब आणि फिओना दोघं एकत्र हॉटेलात इफ्तार बुफेला निघाले होते. हसत! साहेबांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. मी पार्किंगमध्ये गाठलं. म्हटलं, साहेब, एवढ्यात तडजोड? मासेमारीचं काय? साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "चार्ली, विथ रिस्पेक्ट, हे भांडण तुझं नाहीये रे."

बसमध्ये विचार केला. साहेबांना म्हणायचं असावं की मी या सगळ्याच्या वर आहे.

पण मग राग का येतोय? ज्यांचा देश आहे ते बुफेला गेले. ज्यांच्या बाजूने मी दोन किलो काजूकतली वाटली, ते ‘त्या’ बाजूबरोबर जेवायला गेले. मी कुणासाठी भांडतोय? हमीद आज गेटपाशी दिसला. पेंटच्या गाडीमागे उभा होता. मी हात वर केला नाही. त्यानेही केला नाही. पण मी आधी केला नाही.

बुधवार, ६ जुलै, ईद

सकाळी शोभना म्हणाली, मी खाली जातेय शिरखुर्म्याला, तुम्ही या किंवा येऊ नका. मी मोठ्या मनाने जायचं ठरवलं. हमीदला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून बोलायचंही ठरवून घेतलं : "हमीद, झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही." आरशासमोर म्हणून बघितलं. चांगलं वाटत होतं.

दार उघडंच होतं. आत शोभना आणि शहरबानूभाभी सोफ्यावर एका फोनला चिकटून बसलेल्या. फोनवर दुआ ईद मुबारक म्हणत होती. मीही मागून डोकावलो. दुआच्या शेजारी मुग्धा होती.

मुग्धाच्या उजव्या हाताला प्लास्टर. गळ्यात पट्टा बांधून हात अडकवलेला. भुवईवर टाके, डोळ्याखाली पिवळंनिळं.

तिने मला पाहिलं आणि बाजूला झाली. स्क्रीनवर फक्त भिंत उरली.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. शहरबानूभाभी फोन घेऊन आत गेल्या. हमीद मला हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेला. खाली दुबईकडे निघालेल्या गाड्यांची रांग. तो हळूहळू सांगत होता. बसस्टॉपवर तो माणूस आधी दुआला टाकून बोलला, ती गप्प बसली. मुग्धा मध्ये पडली. म्हणाली, हिला असं बोलू नका. तर त्याने मुग्धाला ढकललं. ती बाकाच्या लोखंडी कडेवर पडली. दुआने आरडाओरडा करून माणसं गोळा केली, पोलिसांना फोन केला, रात्रभर हॉस्पिटलात तिच्याजवळ बसली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मी बाप आहे तिचा!

हमीद म्हणाला, "तिने शपथ घातली होती, बाबांना नको. शोभनाभाभींना सांगितलं, मला सांगितलं. तरी मला राहवलं नाही. त्या दिवशी गाडीत तेच सांगायला तोंड उघडलं होतं. तुम्ही स्कार्फचं बोललात." पुढे म्हणाला, "मग मला वाटलं, ती बरोबर बोलत होती."

माझं ठरवून आणलेलं वाक्य राहिलं. शहरबानूभाभींनी वाटी हातात दिली. मी शिरखुर्मा खाल्ला. दुसरं काय करणार, वाटी हातात होती.

घरी येऊन शोभनावर भडकलो. सगळ्यांना माहीत, मला नाही! घरातल्या कर्त्या माणसाला! ती म्हणाली, "तिला वाटलं तुम्ही तिलाच ओरडाल नाहीतर त्या माणसाची बाजू घ्याल." मी म्हटलं, मी? त्या माणसाची?  शोभनाने आज मिक्सरसुद्धा लावला नाही.

गुरुवार, ७ जुलै, दुपार

सुट्टी. मुग्धाला फोन लावत राहिलो. शेवटी उचलला. हात दुखतो का विचारलं. "अ बिट." जेवतेस का विचारलं. "दुआ भरवते."  

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस, बेटा? सव्वीस तारखेला मी ऑफिसात मिठाई वाटत होतो.

तिला रडू फुटलं. इंग्रजी-मराठी एकदम बोलायला लागली. मला कळलं तसं लिहितो.

तिने खरंच तसंच मत दिलं होतं. मी सांगितलं तसं. बाहेर पडा.

मी विचारलं, तुला पटलं होतं का? ती म्हणाली, "नो, बाबा. अजिबात नाही. बट यू वेअर सो हॅपी. रोज फोन करत होता. तुमचं कुणी ऐकत नाही. आय थॉट, एका मताने काय फरक पडतो." मग दुसऱ्याच दिवशी निकाल, आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस. तो सारखं म्हणत होता, आम्ही मत दिलं, आम्ही मत दिलं. "आणि मीपण दिलं होतं, बाबा. त्याच्यासारखंच. दुआ माझं रक्त पुसत होती, अँड ऑल आय कुड थिंक वॉज, मीपण दिलंय."

दुआला हे माहीत नाही. मी ग्रुपवर टाकलेलं शहरबानूभाभींनी दुआला सांगितलं होतं. दुआने हसत विचारलं, खरं का गं? मुग्धा म्हणाली, नाही गं, बाबा काहीही लिहितात. आता तेच कायम ठेवायचं आहे. "प्लीज, बाबा. शी विल नेव्हर लुक अॅट मी द सेम वे. तुम्ही सांगा ना, तुम्ही बनवून लिहिलं होतं."

मी ओके म्हणालो. दोनदा.

फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला तो लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. पहिला विचार आला : म्हणजे तिने ऐकलं होतं.

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

शुक्रवार, ८ जुलै

चौथ्या मजल्यावर गेलो. हमीद पेपर वाचत होता. बसायच्या आधीच बोलून टाकलं. म्हटलं, ग्रुपवर मी खोटं लिहिलं होतं. मुग्धाने राहायच्या बाजूने दिलं होतं, मला सहन झालं नाही, म्हणून बढाई मारली. स्कार्फचंही बोललो. ते नीट जमलं नाही, दोनदा अडखळलो, पण बोललो.

मला वाटलं हमीद रागावेल. खरं तर रागावायला हवा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला खोटारडा म्हणवून घेत होतो आणि तेही खोटं होतं. निदान एखादा प्रश्न तरी विचारायचा. त्याने पेपरची घडी घातली, म्हणाला, "बसा, चारूभाऊ. ते आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हटलं, कसं?

शहरबानूभाभी आतून चहा घेऊन येत होत्या. म्हणाल्या, "एवढी शिकलेली पोरगी. ती तुमचं कशाला ऐकेल?"

हमीद हसला. भाभी हसल्या. शोभना माझ्या मागोमाग आली होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, मलासुद्धा कधी खरं वाटलं नव्हतं. सुजीतलाही नाही म्हणे. ग्रुपवरच्या एकाही माणसाला नाही. एवढी माणसं, कुठल्या गोष्टीवर कधी एकमत नाही, पण यावर झालं होतं.

राग अनावर झाला. ओरडून सांगावंसं वाटलं, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं.

मी म्हटलं, "हो ना. माझं कोण ऐकतंय."

आणि चहा प्यालो.